मोईन साहेबांची भीती

मोईन साहेब भित्रे होते. हे मी त्यांच्या माघारी निंदा म्हणून सांगत नाही. ते स्वतःच सांगायचे, तेही कुणी न विचारता. जालन्याच्या कापसाच्या जिनिंग-प्रेसमध्ये मी फिटर होतो आणि आमचा बॉयलर तपासायला सरकारी इन्स्पेक्टर म्हणून ते हैदराबादहून रेल्वेनं यायचे. पहिल्यांदा आले तेव्हा आमच्या मालकांनी, किसनलाल सेठजींनी, हार मागवला होता, पेढे मागवले होते, ऑफिसातली खुर्ची बाहेर आणून पुसून ठेवली होती. साहेबांनी हार हातातच घेतला, बॉयलरखोलीच्या दारात उभं राहून आत नजर टाकली आणि म्हणाले, "सेठजी, मला भीती वाटून राह्यली. इथून पळायचं झालं तर रस्ता कुठून हाय?"

आम्ही सगळे तोंडावर हात धरून हसलो. एवढा कोट-टोपीतला सरकारी माणूस, आणि आल्या आल्या पळायची वाट विचारतो! त्याच दिवशी त्यांचं नाव पडलं, डरपोक साहेब. मीच पाडलं. आता या वयात खोटं कशाला बोलू?

ज्यांनी बॉयलर पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो, कंटाळू नका. दोन बैलगाड्या एकामागं एक लावाव्यात एवढं लांब लोखंडी पिंप, आडवं निजवलेलं. पोटात जाळ, जाळाभोवती पाणी, पाण्याची वाफ. त्या वाफेवर इंजन चालायचं आणि इंजनावर सगळा कारखाना. वाफ जास्त झाली तर बाहेर पडायला वर एक झाकण असतं, सेफ्टी व्हॉल्व. आम्ही म्हणायचो शेप्टी. झाकणावर लोखंडी दांडा, दांड्याच्या टोकाला वजन. वाफेचा जोर ठरल्यापेक्षा वाढला की झाकण उचललं जातं आणि फुस्स करून जास्तीची वाफ निघून जाते. ते उचललं गेलं नाही, तर वाफ पत्रा फाडून बाहेर येते. मग तिथं कोण उभं आहे, कोण निजलंय, हे ती बघत नाही.

आणि आमच्या बॉयलरखोलीला लागूनच, एका भिंतीपलीकडं, रेच्यांचा हॉल होता. रेचे म्हणजे कापसातली सरकी वेगळी करायची यंत्रं. त्यांच्यावर साठ-सत्तर बाया बसायच्या. त्यात माझी बायको कौसा. आणि हे सगळं घडलं त्या वर्षी आमची तारा, सहा महिन्यांची, त्या भिंतीच्या खुंटीला बांधलेल्या झोळीत. हंगाम थंडीचा. बॉयलरच्या धगीनं भिंत ऊबदार राहायची, म्हणून सगळ्या बाया आपापली लेकरं भिंतीलाच निजवायच्या. मला तर वाटायचं, बरं झालं, पोरीला ऊब मिळते. अक्कल गहाण ठेवली होती, दुसरं काय म्हणू?

साहेब पन्नाशीचे असतील. बारीक अंगकाठी, पिकलेली दाढी, कायम धुतलेले पण इस्त्री नसलेले कपडे. बशीत चहा ओतताना हात थरथरायचा, म्हणून अर्धाच कप भरून मागायचे. चहा आत कधी घ्यायचे नाहीत. अंगणातल्या लिंबाखाली, बॉयलरखोलीचं दार दिसेल अशा बेतानं बसायचे आणि बोलता बोलता मध्येच बोट वर करून गप्प व्हायचे. कानोसा घ्यायचे. मुक्काम करायचे नाहीत. सकाळच्या गाडीनं यायचे, संध्याकाळच्या गाडीनं जायचे. निजामाचं राज्य गेलं त्या पोलीस ॲक्शनला तेव्हा चार-पाच वर्षं झाली असतील. हैदराबादहून आलेल्या मुसलमान साहेबाला आमच्या गावात आणखी कशाकशाची भीती वाटत असेल, हा विचार तेव्हा माझ्या मनाला शिवलाही नाही.

बॉयलरजवळ जाताना ते बूट काढून ठेवायचे. गरम फरशीवर अनवाणी! आमचा आगवाला संतोबा, म्हणजे भट्टीत कोळसा-लाकूड घालणारा, तो कौतुकानं म्हणायचा, "साहेब देवाजवळ आल्यावानी येत्यात." मी विचारलं तेव्हा कारण कळलं. ते म्हणाले, "मिस्त्री, कान खोटं बोलतात, वाफेचा काटा पण खोटं बोलतो. तळपायाला जे थरथरतं ते बराबर कळतं." मला ते कायम मिस्त्रीच म्हणायचे. पुढं मीही गुपचूप चप्पल काढून पाहिली. खरंच कळत होतं.

पावसाळा सरला की हंगामाआधी थंड बॉयलर आतून तपासायचा असतो. माणूस मावेल एवढंच भोक, त्यातून आत शिरायचं. साहेब अंधाराला भ्यायचे. आत उतरायच्या आधी वाफेच्या नळाला स्वतःचं कुलूप लावायचे आणि किल्ली पायजम्याच्या नाडीला बांधायचे. मग मला भोकाशी बसवायचे. "मिस्त्री, बोलत राहा. काही पण बोल. तुझा आवाज थांबला तर मी बाहेर."

काय बोलणार? पहिल्या वर्षी पीकपाणी, नातेवाईक, बाजार, सगळं पाव तासात संपलं. आतून टकटक हातोडी वाजायची आणि मी गप्प झालो की आवाज यायचा, "मिस्त्री! कहां गए?" शेवटी मी आमच्या केदारखेड्याच्या घरची मेंढरं सांगायला घेतली. माझ्या घराण्यात लोखंडाला हात लावणारा मीच पहिला, बाकी सगळे धनगरकीतले. कुठली मेंढी लंगडी, कुठली चुकार, कुणाला कोकरू झालं, सगळं. तासाभरानं साहेब बाहेर आले. अंगभर काजळी, डोळे तेवढे पांढरे. पहिला प्रश्न, "ती चुकलेली मेंढी सापडली का?" मी म्हणालो, "सापडली." तर गडी एकदम खूश. त्या दिवसापासून ते मला आवडायला लागले, पण डरपोक साहेब म्हणायचं काही मी सोडलं नाही.

त्यांच्या भीतीमागचं कारण त्यांनी एकदाच सांगितलं. लिंबाखाली आम्ही दोघंच होतो. नवीन नोकरी लागली तेव्हा एका खेड्यातल्या तेलाच्या कारखान्यात ते बॉयलर बघायला गेले होते. मालक मोठा माणूस, सोबत चार पाहुणे. बॉयलरला हात लावला आणि साहेबांना भीती वाटली. कारण सांगता येईना. सगळं वरून ठीक दिसत होतं. "मी बोललो न्हाई मिस्त्री. लाज वाटली. चार लोकांत कसं सांगायचं, की मला भीती वाटते?" महिन्याभरात तो बॉयलर फुटला. किती माणसं गेली ते त्यांनी सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, "मी परत गेलो होतो बघायला. झाडावर एक चप्पल होती." तेव्हापासून त्यांनी ठरवलं होतं, की भीती वाटली की लगेच, मोठ्यानं, सगळ्यांसमोर बोलायचं.

आमच्या बॉयलरची त्यांना सगळ्यात मोठी भीती ही होती, की त्याला शेप्टी एकच. जुन्या घडणीचा बॉयलर, करणाऱ्यानं एकच बसवलेली. साहेबांचं म्हणणं दोन पाहिजेत. एक अडकली तर दुसरी उचलली जाईल. दरवर्षी ते तपासणीच्या पुस्तकात लिहायचे, सेठजी दरवर्षी हात जोडायचे. "साहेब, मुंबईहून मागवावा लागेल. एवढा हंगाम होऊ द्या." सेठजी वाईट माणूस नव्हते. कामगाराच्या घरी मयत झाली तर स्वतः यायचे. पण बॉयलर त्यांच्या वडिलांपासून चालत होता, एकदाही रुसला नव्हता, आणि न फुटलेल्या बॉयलरची भीती माणसाला घालायची तरी कशी? साहेबांनी शेवटी बजावलं, "सेठजी, पुढच्या वेळेस मी शिक्का मारून बंद करीन." सेठजी हसले. डरपोक माणूस कारखाना बंद करतो होय!

मग साहेब संतोबाकडं वळले. सेठजी ऐकत नाहीत तर निदान आगवाल्यानं तरी जपावं. संतोबाला शेप्टीखाली उभं करून त्यांनी समजावलं, "संतोबा, हिच्याकडं रोज बघायचं. तू, मी, भिंतीपलीकडच्या बाया, लेकरं, सगळ्यांचा जीव हीच राखून राह्यली. दुसरं कोणी न्हाई. हिला सांभाळ." संतोबानं मान हलवली. भला माणूस. अक्षरशत्रू, पण सांगितलेलं काळजात ठेवणारा. साहेब निश्चिंत होऊन गेले.

त्यानंतर दहा-बारा दिवसांत खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्यात हत्याराची, यंत्राची पूजा. दरवर्षी बॉयलरच्या दाराला हळदकुंकू, नारळ, झेंडूचा हार एवढंच असायचं. या वर्षी संतोबानं शेंदूर आणला. जवसाच्या तेलात कालवला आणि शिडी लावून वर चढला. शेप्टीचं झाकण, दांड्याचा सांधा, खीळ, सगळीकडं बोटानं थापून थापून शेंदूर लावला. वर चांदीचे डोळे चिकटवले. मी खालून विचारलं, "संतोबा, हे काय नवीन?" तर वरून म्हणतो, "साहेब सांगून गेले न्हाई का? हीच आपला जीव राखती. जो जीव राखतो त्याला शेंदूर न्हाई लावायचा, तर कोनाला लावायचा?"

बाया हात जोडून उभ्या होत्या. कौसानं तारेला उंच धरून दर्शन दिलं. आता माझं ऐका. आम्ही फिटर लोक पाइपाच्या जोडातून वाफ सुटू नये म्हणून काय लावतो? शेंदूर आणि जवसाचं तेल. कालवून भरलं की दगडासारखं वाळतं, मग छिन्नीनंच निघतं. हे जालन्यात माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? आणि मी तिथं उभा राहून आरतीच्या टाळ्या वाजवल्या. देवाच्या कामात आपलं फिटरपण कुठं चालवायचं, असं वाटलं असेल. की लोक काय म्हणतील याची भीती होती? आता आठवत नाही, आणि आठवत नाही तेच बरं.

संतोबानं हौसेनं चार दिवस रोज नवा हात दिला. दिवाळी झाली, कापूस यायला लागला, भट्टी पेटली. दुपारी जेवणाच्या सुट्टीत इंजन बंद व्हायचं, वाफ साचायची आणि शेप्टी हटकून फुसफुसायची. या हंगामात ती गप्प होती. सेठजींना बरं वाटलं, वाफ वाया जात नाही, कोळसा वाचतो. बायांना बरं वाटलं, लेकरं दचकून उठत नाहीत. कौसा घरी म्हणाली, "देवाला शेंदूर लावल्यापून बॉयलर कसा शांत झाला बघा."

अशा एका दुपारी साहेब आले. दुसरी शेप्टी मागवली की नाही ते बघायला, न कळवता. सुट्टीची वेळ होती. बाया लिंबाच्या पलीकडं भाकरी सोडून बसल्या होत्या, लेकरं आत भिंतीला निजली होती. साहेबांनी चहाचा कप घेतला. बोट वर केलं. कानोसा घेतला. असा बराच वेळ गेला. मग त्यांनी कप खाली ठेवला.

"मिस्त्री, शेप्टी का बोलत न्हाई?"

मी म्हणालो, "ती आताशा बोलतच न्हाई साहेब. दिवाळीपून."

त्यांचा चेहरा उतरला. बूट तिथंच काढून ते आत गेले, मी मागं. त्यांनी आधी काट्याकडं पाहिलं. वाफेचा काटा तांबड्या रेघेच्या पुढं बोटभर गेला होता. मग वर पाहिलं. चांदीचे डोळे लावून शेंदरी शेप्टी बसली होती. साहेबांनी काही विचारलं नाही. एका नजरेत त्यांना सगळं कळलं. तळपाय फरशीवर टेकवून क्षणभर उभे राहिले.

"मला भीती वाटून राह्यली," ते म्हणाले. या वेळी कुणी हसलं नाही.

सेठजींचा हिशेब बघणारे मुनीमजी धावत आले. काय झालं ते कळल्यावर त्यांनी कोपऱ्यातला घण उचलला. ठोकला की सुटेल! तेव्हा साहेब ओरडले. एवढ्या वर्षांत एकदाच ओरडलेले ऐकले मी त्यांना. "हात नक्को लगाव! एक धक्का, आणि सगळे जातील!" मग आवाज खाली आणून संतोबाला म्हणाले, "घाई करू नको. भट्टीवर ओली राख टाक. हळू. एक एक फावडं." संतोबा राख ओढायला लागला.

जाळ दाबला तरी साचलेली वाफ कुठून तरी बाहेर काढायला पाहिजे होती. एकच रस्ता होता, भोंगा. तो वाफेवरच वाजायचा. साखळी ओढून धरली की हळूहळू जोर उतरला असता. साहेबांनी साखळी हातात घेतली आणि थांबले. मलाही त्याच क्षणाला कळलं. भोंगा वाजला म्हणजे सुट्टी संपली. साठ-सत्तर बाया उठून पळत भिंतीशी येतील. आणि लेकरं तर तिथं होतीच.

"आधी लेकरं," साहेब म्हणाले. "मग बाया बाहेर रोकून धर. मग येऊन मला सांग. पळ."

"अन् तंवर काटा?"

"मी बघतो काट्याकडं. जल्दी."

मी कसा पळालो मला माहीत नाही. कौसा तोंडात घास घेऊन बसली होती. मी तिचा दंड धरला आणि कानाशी सांगितलं, "बोंब मारू नको. चार जणी घे, आतली सगळी लेकरं बाहेर काढ. बॉयलर भरवशाचा न्हाई." घास थुंकला आणि उठली. त्या हॉलमध्ये अकरा झोळ्या होत्या. चौघी-पाचजणी दोन-दोन लेकरं कवटाळून बाहेर येत होत्या, परत आत जात होत्या, आणि मी दारात उभा राहून भिंतीकडं बघत होतो. तीच ती भिंत, रोज ऊबदार म्हणून जिला हात लावायचो. शेवटच्या फेरीत कौसा आली. तिच्या कडेवर दुसऱ्याच बाईचं लेकरू होतं. तारा पहिल्याच फेरीत कुणीतरी आणली होती, तिला ते ठाऊक नव्हतं, तरी ती दुसऱ्याचं घेऊन आली. मला रडूच फुटलं.

"आता भोंगा होईल," मी म्हणालो. "एकीलाबी आत सोडू नको." ती हॉलच्या दाराला दोन्ही हात आडवे लावून उभी राहिली.

मी आत येऊन सांगितलं, "निघाली सगळी." साहेब जिथं सोडले होते तिथंच होते, बॉयलरला चिकटून. कपाळावरून घाम दाढीत उतरत होता. ते काहीतरी पुटपुटत होते, प्रार्थनाच असणार. त्यांनी साखळी ओढली, अगदी सावकाश, आधी नुसता श्वासासारखा आवाज, मग चढत चढत पूर्ण भोंगा. तो थांबेचना. जालना गाव गोळा झालं. बाया सवयीनं दाराकडं धावल्या आणि कौसाच्या अंगावर येऊन आदळल्या. गैरहजेरी लागेल म्हणून तिला शिव्या देत होत्या, ढकलत होत्या. ती हलली नाही. आत मी काट्याकडं बघत होतो. काटा जागचा हलेना. हलेना. मग केसभर मागं आला. मग आणखी. रेघेच्या अलीकडं आल्यावर साहेबांनी साखळी सोडली आणि ते तिथंच खाली बसले. त्यांचे तळपाय भाजले होते. इतका वेळ ते हललेच नव्हते.

साहेबांनी बॉयलरला शिक्का मारला. दुसरी शेप्टी बसेपर्यंत कारखाना बंद. ऐन हंगामात. पाय भाजल्यानं साहेबांना पहिल्यांदाच जालन्यात मुक्काम करावा लागला. दोन दिवसांनी बॉयलर गार झाला, तेव्हा शेंदूर काढायचा प्रश्न आला. आता आपण म्हणू, त्यात काय? पण तो काळ तसा नव्हता. बॉयलरखोलीबाहेर गर्दी जमली होती. कुणीतरी मोठ्यानं म्हणालंच, "मुसलमान साहेब देवाला हात लावतो का काय, बघू." साहेबांनी ते ऐकलं. पायाला पट्ट्या बांधलेले ते संतोबासमोर जमिनीवर बसले. "संतोबा, गलती मेरी है. मीच तुला म्हणालो, हीच जीव राखते. तू माझं ऐकलंस. आता आणखी एकदा ऐक. तूच काढ. माझा हात लागणार न्हाई. मी तिकडं तोंड करतो."

आणि खरंच ते भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. एवढ्या गर्दीकडं पाठ करून. संतोबानं नारळ फोडला, कान धरले, आणि रडत रडत शेंदूर खरवडला. खपल्या उपरण्यात घेतल्या, कुंडलिका नदीत सोडायला. नंतर मी आणि आणखी एकानं दांडा उचलायला जोर लावला. दोघांनी लोंबकळलो तरी हलेना. पहार घातली तेव्हा कडकन आवाज होऊन सुटला. मला वाटलं, चला, लोकांना समजलं.

पंधरा दिवस कारखाना बंद राहिला. मजुरी बुडाली, बाहेरगावी द्यायच्या कापसाच्या गठाणी अडकल्या. मग मुनीमजी एक कागद घेऊन घरोघर फिरायला लागले. वर, सरकारात पाठवायचा अर्ज. साहेबांनी बूट घालून, लाथेनं, आमच्या देवाचा शेंदूर काढला. असं त्यात लिहिलं होतं. संतोबानं अंगठा द्यायला नकार दिला. "माझ्या हातानं काढला. साहेबाच्या पायात बूट नव्हता. कागद खोटा हाय." दुसऱ्या दिवशी त्याला कामावरून काढलं. तो बायको-पोरं घेऊन घनसावंगीकडं उसाच्या कामाला गेला. नंतर मुनीमजी माझ्याकडं आले. "मिस्त्री, तुम्ही शिकलेले. तुमची सही पाहिजे. नसली तर सेठजी म्हणतात, दुसरा फिटर बघू."

मी भ्यालो. तोंडातून शब्द काढला नाही. सही केली. बाकी सगळे अंगठेच होते. त्यात माझी एकच सही, बापाच्या नावासकट, आडनावासकट, वळणदार. कौसा तेव्हा पाण्याला गेली होती.

पुढं तिला कागदाचं कळलं. चुलीपुढं बसून म्हणाली, "ज्यानं ज्यानं त्याच्यावर सही केली, त्याची लेकरं त्या भिंतीला न्हवती का हो?" मी भाकरी खात राहिलो.

साहेबांना हैदराबादला बोलावलं. चौकशी झाली, कागद त्यांच्यापुढं ठेवला गेला, आणि त्यांना इन्स्पेक्टरकीवरून काढून कुठल्याशा कचेरीत बसवलं. पण त्यांनी पुस्तकात लिहिलेलं खोडता आलं नाही. आमच्या बॉयलरला दुसरी शेप्टी बसली. नव्या माणसाला कागद सोपवायला म्हणून साहेब शेवटचे जालन्याला आले आणि कौसाला कुठून तरी सुगावा लागला. "मी भेटणार. तुम्ही न्हाई आले तर एकली जाते." तिनं धपाटे केले, तारेला काखेत घेतलं. मला जावंच लागलं.

स्टेशनवर ते बाकावर बसले होते. पायात कापडी जोडे. कौसा त्यांच्या पाया पडली. ते घाईनं उठून मागं सरले, "नक्को बाई, नक्को." तिनं धपाट्याचं फडकं पुढं केलं आणि मनातलं सगळं बोलून टाकलं. "साहेब, माझी पोर तुमच्यामुळं हाय. ज्यांनी तुमच्यावर खोटा कागद केला, त्यांचं तोंड बघू वाटत न्हाई मला." मी शेजारीच उभा होतो. जमीन फाटावी असं म्हणतात ना, ते काय असतं हे मला त्या दिवशी कळलं.

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. मग ते कौसाला म्हणाले, "बाई, लोक वाईट नसतात. घाबरलेले असतात. तुमच्या मालकांनी त्या दिवशी लेकरं काढली, म्हणून मी भोंगा ओढू शकलो. हे विसरू नका." गाडी आली. ते डब्यात चढले, खिडकीशी बसले, फडकं मांडीवर घेतलं. गाडी हलली तेव्हा त्यांनी हात वर केला.

"अच्छा, विठ्ठल सखाराम शेळके. शेप्टी रोज हातानं उचलून बघायची. दोन्ही."

मी मान हलवली. एवढ्या वर्षांत त्यांनी मला मिस्त्री सोडून दुसरी हाक मारली नव्हती. माझं पूर्ण नाव त्यांनी एकाच ठिकाणी वाचलेलं असणार.

परत येताना कौसा मोठ्या अभिमानात होती. "एवढा मोठा साहेब, पण तुमचं नाव कसं पाठ होतं बघा. बापाच्या नावासकट."

मी तिच्याकडून तारेला घेतलं आणि पुढं चालायला लागलो. कौसा जाऊन आता सात वर्षं झाली. तिला मी सांगितलं नाही.